कुलपावरचं नाव

मेंझेल तमीम,
ऑगस्ट सरत आलाय

प्रिय नौफेल,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? इतक्या वर्षांत फोन नाही, निरोप नाही आणि एकदम हातात पत्र, तेही इतकं जाड. तुझ्या कपाळाला पडलेल्या आठ्या मला इथून दिसतायत. आधी बूड टेकून बस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही, आणि जुनं उकरून रडत बसायला मला वेळही नाही. घरी सगळं छान चाललंय. हेदी शाळेत भूगोल शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी खडकांत ऑक्टोपस धरायला जातो. ऑक्टोपस कमी आणतो, त्याच्या गोष्टी जास्त. त्याला सांगून, त्याच्यासमोर बसूनच हे लिहितेय. तो म्हणाला, "इंजिनियर माणसाला लिहितेस तर जरा आटोपशीर लिही." आटोपशीरच बोलायचं असतं तर मी फोन केला असता.

मी अजून टोमॅटोतच आहे. लग्न होऊन इथे आले आणि या कारखान्यात शिरले ती इथलीच झाले. जुलै-ऑगस्टात या सगळ्या पट्ट्याचा टोमॅटो आमच्या फाटकातून आत येतो आणि डब्यात बसून बाहेर पडतो. निवडायला बायका लागतात. बाकी धुणं, दळणं, आटवणं, डबे भरणं, झाकणं बसवणं, उकळणं, रचणं हे सगळं यंत्रं आपापसांत करतात. त्या यंत्रांची वीज, त्यांच्या मोटरी, सेन्सर, पॅनेलं, सगळं माझ्या खात्यात. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारी हवा पॅनेलात शिरून तारांची टोकं हिरवी करते आणि आम्ही वर्षभर ती घासत बसतो. काहीही बंद पडलं की पहिलं नाव विजेवर, हे तुला सांगायला नको. परवा डबे रचणारा रोबोचा हात मध्येच अडून बसला. उत्पादन बघणारे साहेब, सी मोन्सेफ, तरातरा आले, "लेल्ला बेया, तुमचा प्रोग्राम बिघडलाय." (हो, इथे मी बाईसाहेब, सगळ्यांची लेल्ला झालेय.) जाऊन बघते तर सेन्सरच्या काचेवर टोमॅटोचं साल चिकटलेलं. बोटाने काढलं, हात चालू. सी मोन्सेफ म्हणाले, "एवढ्यासाठी का इंजिनियर ठेवायची?" म्हटलं, "बरोबर आहे, उद्यापासून साल तुम्ही काढा, मी तुमच्या खोलीत गारव्याला बसते." हसले बिचारे. एरवी आमचं जमतं.

एरवी म्हणायचं कारण सध्या माझी जागा टांगणीला लागलीय. मालकांनी स्पष्टच सांगितलं, हंगाम संपेपर्यंत काम करा, पुढे तुम्हाला ठेवायचं की नाही ते नवा डायरेक्टर येऊन ठरवील. नवा डायरेक्टर सोमवारी येतोय. त्याचं नाव फळ्यावर लागलंय, आणि तो मला ठेवतो की घालवतो यावर चहाच्या टपरीवर पैजा चालल्यात. त्याचं नाव मी आत्ता घेत नाही, शेवटी घेईन. आधी माझी जागा कशापायी धोक्यात आली ते ऐक. तुझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे कुलपाचा एक नियम आहे आणि तो मीच आणला. यंत्रात हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या दांडीला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली गळ्यात. कुलपं सगळी लाल, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव, नाबलच्या एका तांबटाकडून कोरून घेतलेलं. एका कुलपाला एकच किल्ली. ऑफिसात दुसरी नाही, माझ्या खणातही नाही. यंत्रात चौघं शिरले तर दांडीवर चार कुलपं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तू म्हणशील, ही मला काय शिकवतेय, हे तर पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. खरंय, सांगेल. पण बहुतेक ठिकाणी हा नियम भिंतीवर असतो. आमच्याकडे तो दांडीवर लटकतो. सुरुवातीला माणसांनी माझी यथेच्छ टिंगल केली. लारूसी नावाचा आमचा एक फिटर आहे, मोठ्या मिशांचा, कामाला वाघ आणि तोंडाला फटकळ. त्याने पहिल्याच दिवशी आपलं कुलूप जेवणाच्या डब्याला घातलं. म्हणाला, "लेल्ला, यंत्राचं राहू द्या, माझ्या हरीसाच्या चटणीला खरा धोका या रिधाकडून आहे." रिधा माझ्या हाताखालचा इलेक्ट्रिशियन, खायला पुढे, त्यामुळे सगळे पोट धरून हसले. मीही हसले. पण कुलूप डब्यावरून काढून दांडीवर लावायला लावलं, आणि हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. लारूसीने तर किल्ली काळ्या गोफात ओवून गळ्यात बांधली ती कायमचीच.

आणि नेमका तोच, बघ. त्या दिवशी सकाळपासून शहीली सुटला होता. त्या वाऱ्यात तोंड उघडलं तरी जीभ वाळते, तुला माहीतच आहे. हंगाम ऐन भरात, फाटकापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत टोमॅटोच्या ट्रॅक्टरांची रांग. आमचा एक लांबलचक पोलादी बोगदा आहे. बंद केलेले डबे साखळीवरून त्यात शिरतात, कढत पाण्याच्या फवाऱ्याखालून जातात, मग गार पाण्याखालून बाहेर येतात. बाजूला मध्ये मध्ये माणूस वाकून आत जाईल अशी दारं. सकाळी त्याची साखळी एका अंगाला घासायला लागली म्हणून बोगदा थांबवून लारूसी आत उतरला. दुपारी पाळी बदलली. काम झाल्याचा निरोप वर पोचला आणि सी मोन्सेफनी चालू करायला सांगितलं. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. रिधा स्विचपाशी धावला, तर दांडीवर लाल कुलूप आणि त्यावर ठसठशीत नाव, लारूसी.

लारूसीला शोधा म्हणून एकच पळापळ झाली. फोन लावला तर कपडे बदलायच्या खोलीतून, त्याच्या बंद कपाटातून घंटी ऐकू आली. त्याची मोपेड झाडाखाली जागच्या जागी. फाटकावर आमचे म्हातारे बूजेमा काका असतात, त्यांना विचारलं. "गेला की लारूसी. अंगात पांढरा जेब्बा, कानामागे जाईचा गुच्छ, गाडीत बसून गेला. त्याच्या पुतण्याचं लग्न नाही का आज, हवारियाला." म्हटलं, "काका, चेहरा बघितलात?" तर म्हणतात, "बये, या उन्हात चेहरा कोण बघतं? जेब्बा बघितला." आता ऑगस्टात, लग्नाच्या दिवसांत, आमच्या रस्त्यावर पांढरा जेब्बा आणि कानाला जाई म्हणजे काय एकटा लारूसीच? फोन इथे, मोपेड इथे, कुलूप इथे. माणूस मात्र म्हणे लग्नाला.

सी मोन्सेफनी लांब दांड्यांचा कटर मागवला. मी दांडीपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "लेल्ला, आत कुणी नाहीये. बघून घ्या आणि मोकळं करा आम्हाला." म्हटलं, बघते. त्याच्या कुलपाशेजारी माझं कुलूप घातलं, विजेरी घेतली आणि एका टोकाच्या दारातून आत शिरून दुसऱ्या टोकाला निघाले. तू कधी बंद केलेल्या बोगद्यात उन्हाळ्यात रांगला नसशील. गुडघे सोलले, केसांतून पाणी ठिबकत होतं, बाहेर आले तेव्हा बायका म्हणाल्या, हिला आता सोलून डब्यात भरायचीच बाकी आहे. आत कुणी नव्हतं. माझं कुलूप मी काढलं. सी मोन्सेफ म्हणाले, "झालं समाधान? आता कापतो." मी म्हटलं, "नाही."

त्यांना वाटलं मी हट्टाला पेटलेय. सगळ्यांनाच तसं वाटलं. मी सांगितलं ते असं: आत्ता आत कुणी नाही हे मला दिसलं. तुम्ही बटण दाबाल त्या क्षणी कुणी नसेल, हे मला कुणी सांगायचं? लारूसी गेला असेल लग्नाला, मानलं. पण गेला नसेल, गोदामामागच्या सावलीत डोळा लागून पडला असेल, तर? उठेल, आणि काहीतरी पाना आत विसरलाय म्हणून सरळ बोगद्यात शिरेल. बघणार नाही, विचारणार नाही, कारण दांडीवर त्याचं कुलूप आहे असं तो धरून चाललाय. ज्याचं कुलूप असतं तो माणूस निर्धास्त असतो, सी मोन्सेफ, आणि ती निर्धास्ती आपणच त्याला दिलीय. ती काढून घ्यायची तर आधी त्याला सांगितलं पाहिजे. त्याचं तोंड दाखवा नाहीतर आवाज ऐकवा, मग कटर मीच चालवते.

एवढं बोलून मी रिधाला माझ्या गाडीची किल्ली दिली आणि हवारियाला पिटाळलं. आणि मग आम्ही थांबलो. ते थांबणं तुला काय सांगू. ट्रॅक्टरांतून लाल पाणी रस्त्यावर गळत होतं, माश्यांचे थवे जमले होते. शेतकरी फाटकाच्या गजांना धरून उभे. एक जण ओरडला, "लेल्ला बेया, शिजवायची तसदी घेऊ नका, आमच्या ट्रॅक्टरातच शिजलेत, नुसती झाकणं पाठवा." दुसरा म्हणाला, "अहो, त्या लारूसीच्या पुतण्याला सांगा, आता पोरगं झालं की मगच चालू होईल म्हणावं." मला हसू आलं, आणि आल्याची लाजही वाटली. त्यांचं वर्षाचं पीक होतं ते, चेष्टेचा विषय नव्हता. निवडणाऱ्या बायकांची मुकादम मब्रूका, तिच्या जिभेला हाड नाही. कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली, "पट्टा चालला तर आमचा रोज. तुमचा पगार महिन्याचा, तुम्हाला कुलपं सुचतात. आज आमच्या पोरांना काय ते कुलूप चघळायला देऊ?" मी दांडीपासून हलले नाही.

मग ट्युनिसहून मालकांचा फोन आला. सी हिचेम कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, "बेया, एक माणूस लग्नात नाचतोय म्हणून माझा कारखाना बंद आहे, हे मी बँकेला कसं सांगू?" म्हटलं, "आहे तसंच सांगा." म्हणाले, "बूजेमाने त्याला जाताना पाहिलंय." म्हटलं, "बूजेमा काकांनी जेब्बा पाहिलाय." मग म्हणाले, "मी मालक म्हणून सांगतोय, कुलूप कापा." नौफेल, माझा आवाज काही हलला नाही, त्याचं मला अजून बरं वाटतं. मी म्हटलं, "मालक म्हणून तुम्ही मला काढू शकता, सी हिचेम. लारूसीचं कुलूप नाही काढू शकत." त्यांनी फोन ठेवला. सी मोन्सेफ शेजारीच उभे होते, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ते वाईट माणूस नाहीत हो. त्यांच्या दोन्ही कानांत गाव ओरडत होतं आणि त्यांना तेवढं एकच काम करायचं होतं, लाइन चालू करणं.

ऊन कलायला लागलं तेव्हा रस्त्यावरून हॉर्न ऐकू आले. बघतो तर पुढे नवऱ्या मुलाची फुलांनी मढवलेली गाडी, मागे आणखी वऱ्हाडाच्या गाड्या, आणि त्यात बसलेल्या बायका जिभा हलवत आनंदाच्या आरोळ्या देतायत. त्यांना वाटलं कारखान्यात लारूसीचा काहीतरी मान आहे. रिधाची, म्हणजे माझी, गाडी लग्नघरच्या गर्दीत कोंडली गेली होती म्हणून नवरदेवाने स्वतःची दिली. रिधा सांगत होता, लारूसी अंगणाच्या मधोमध बसून दरबूका बडवत होता. याला बघून म्हणाला, ये ये, आधी जेव. रिधाने नुसतं आपल्या गळ्याला बोट लावून दाखवलं. लारूसीचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला, किल्ली लागली, आणि त्याच्या हातातला ताल तिथेच तुटला. गाडीतून उतरला तो पांढऱ्या जेब्ब्यात, कानामागची जाई अर्धी गळालेली, डोळ्यांत पाणी. सगळ्या गावासमोर मान खाली घालून दांडीपाशी गेला, कुलूप उघडलं आणि माझ्यापुढे छातीवर हात ठेवून उभा राहिला. "लेल्ला, ही किल्ली इतकी अंगाची झाली की ताईत वाटायला लागली. आंघोळीलाही काढली नाही हो." मी म्हटलं, "जा, पुतण्याची गाडी परत दे, मुलीकडचे खोळंबले असतील." बोगदा चालू झाला. रांगेतले शेवटचे काही ट्रॅक्टर मात्र आंबून गेले होते. ते टोमॅटो फेकावे लागले, आणि ज्यांचे गेले त्यांच्या तोंडाकडे मला बघवलं नाही.

आता खरी गोष्ट सांगते. आत कुणी नव्हतं. साखळीचं काम चोख झालेलं होतं. लारूसी दुपारपासून हवारियालाच होता, आणि बूजेमा काकांनी पाहिलेला जेब्बा त्याचाच होता. कुलूप कापलं असतं तर काहीही झालं नसतं. सी मोन्सेफ हे सगळ्यांना सांगत फिरतात आणि त्यात चूक काही नाही. मालकांनीही तेच म्हटलं, बेया, तुम्ही ज्याला वाचवलंत तो तिथे नव्हताच. मला यावर वाद घालता येत नाही. उद्या पुन्हा असंच झालं तर मी पुन्हा तिथेच उभी राहीन, एवढंच मला सांगता येतं.

इथवर वाचून तुला सूसमधली डेअरी आठवली असेल. आठवलीच असणार. आपण दोघं नवे नवे, एकाच पाळीत. तू उत्पादनाला, मी दुरुस्तीला, आणि माझ्या बोटात तुझ्या आईने घातलेली अंगठी. बाटल्या भरणारं ते गोल यंत्र अडलं होतं. मी स्विच बंद केला, माझं कुलूप घातलं, आत हात घालून वायर बदलली. हाताला वंगण लागलं म्हणून नळावर गेले. दूध खोळंबलं होतं, तुझ्यावर वरून दट्ट्या होता, आणि तू मला नळावर पाहिलंस. कटर आणलास, कुलूप कापलंस आणि यंत्र चालू करायला सांगितलंस. मी तोवर हात पुसून मागच्या दारापाशी परत आले होते, एक जोडणी पुन्हा तपासायची होती. न बघता हात आत घातला, कारण माझं कुलूप होतं ना. यंत्राने बाही ओढून नेली, हात तेवढा माझ्यापाशी राहिला. तू धावत आलास, पांढरा पडला होतास, आणि म्हणालास, "अगं, पण मी तुला नळावर पाहिलं होतं." दुसऱ्या दिवशी मला नवा शर्ट आणून दिलास, निळा. आणि महिनाभरात तुला बढती मिळाली, लाइन थांबू न देणारा माणूस म्हणून.

त्यानंतर मी अंगठी तुझ्या मावशीच्या हाती परत पाठवली. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, मन बदललं. लोकांनी आपापली कारणं शोधली. कुणी म्हणालं बेयाच्या आईला सूस लांब पडतं, कुणी म्हणालं नौफेलच्या आईला सून सावळी वाटली. तू कुठलं खरं धरलंस मला माहीत नाही. मी तुझ्यावर रागावले नव्हते रे. मी घाबरले होते. मी सुखरूप आहे हे तू माझ्या वतीने ठरवून टाकलंस, आणि तेही माझ्या काळजीनेच, नीट बघून. फक्त मला हाक मारली नाहीस. नळ असा कितीसा लांब होता? बेया, कुलूप कापतोय, एवढी एक हाक पुरली असती. माझ्या मनात आलं, या माणसाच्या घरात गेले तर मी कुठे आहे, बरी आहे की नाही, हे जन्मभर हाच लांबून बघून ठरवणार. प्रेम होतं, ते मी कधी नाकारलं नाही, हेदीपाशीही नाही. पण त्या घरात माझा हात मी निर्धास्तपणे कुठे घातला नसता.

असो. त्या लग्नाच्या दिवसानंतर काय झालं ते राहिलंच. दोन दिवस मब्रूका माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, मागे तिच्या चार-पाच बायका. मला वाटलं, आता पुन्हा तोंडाचा पट्टा सुटणार. तर म्हणाली, "आम्हालाही कुलपं हवीत. पट्ट्याखालचा चिखल काढायला हात कोण घालतं? आम्हीच ना? लारूसी ढोल वाजवत बसला तरी त्याच्यासाठी कारखाना थांबतो, मग आम्ही काय उकिरड्यावरून आलोय?" मी त्याच दिवशी नाबलच्या तांबटाकडे गेले. बायकांना आपलं नाव कुलपावर बघून इतकं अप्रूप वाटलं की एकीने ते घरी नेऊन सासूला दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी आणायला विसरली. तिला मी चांगलं झापलं. आता बायका पट्ट्याखाली शिरण्याआधी दांडीवर लाल कुलपांची रांग लागते, आणि सी मोन्सेफ लांबून बघून म्हणतात, "हे काय, आमच्या कारखान्याचं पण लग्न ठरलं वाटतं."

तर, डायरेक्टरसाहेब, आता तुझं नाव घ्यायला हरकत नाही. फळ्यावर ते वाचलं तेव्हा रिधाने विचारलं, ओळखता का? म्हटलं, चांगली ओळखते. माझं काय करायचं ते तू सोमवारी ठरव. गयावया करायला मी हे लिहिलेलं नाही. ठेवलंस तर कुलपाचा नियम जसा आहे तसाच राहील, आणि घालवलंस तर नाबलच्या टाइल्सच्या कारखान्यातून मला बोलावणं आलेलंच आहे. पाकीट जड का लागलं ते आता बघ. तळाला कागदात गुंडाळलेलं एक लाल कुलूप आहे, त्यावर नौफेल असं कोरलंय, आणि त्याची किल्ली एकच. पहिल्याच दिवशी सी मोन्सेफ तुला बोगदा दाखवायला नेतील आणि तू कुणाचं न ऐकता आत डोकं घालशील, तेवढं तुला मी ओळखते. त्याआधी हे दांडीला लाव. मग ट्युनिसहून फोन येवोत, अर्धं गाव फाटकाशी ओरडो, टोमॅटो सडून जावोत. तुझा आवाज मी माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय तो बोगदा हलणार नाही. बाहेर आलास की मला एक हाक मार. मी नळावर असले तरी ऐकू येईल.

तेव्हा तुझी होते, आता या दांडीवरच्या सगळ्या नावांची,
बेया